काचेतला झोका

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली. नेमणूक तात्पुरती होती. सहा महिने काम पाहून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. डिफेक्ट हा शब्द त्याच उन्हाळ्यात आमच्या पडेगावच्या घरात आला.

त्याआधी घरात दोन शब्द होते. पोलीस ॲक्शनपूर्वी, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले वडील ‘ऐब’ म्हणत, आई ‘खोट’. दोन्ही माणसांसाठी वापरले जात आणि एकदा लागले की सुटत नसत. ताईचा शब्द वस्तूला लागायचा आणि त्याला पायऱ्या होत्या. काचेत मोहरीएवढा बुडबुडा राहिला तर मायनर. बाटली जाऊ द्यायची. तोंड वाकडं असेल तर मेजर. ज्यानं माणसाला इजा होईल तो क्रिटिकल.

“मग तुझ्या बापाचं घोरणं कशात बसतं गं?” आईनं विचारलं.

“मायनर. जाऊ द्यायचं.”

“बडी मेहरबानी,” वडील म्हणाले.

काम बसून होतं. दुधी काचेचा पडदा, त्याच्यामागं ट्यूबलाइट, आणि त्या उजेडासमोरून सरकत जाणाऱ्या औषधाच्या बाटल्या. थोड्या वेळानं बाटल्या थांबल्यात आणि आपणच सरकतोय असं वाटतं, असं ताई सांगायची. संध्याकाळी ती अंगणात बाजेवर पडायची. डोळे मिटले तरी बाटल्या चालूच असायच्या. त्या दिवशी काचेत काय दिसलं ते ती तशीच, डोळे न उघडता सांगायची. ऐकता ऐकता आम्हालाही पेंग यायची. दौलताबाद रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे भिंतीवर सरकायचे, आणि त्यांतही काही दिसतंय का ते मी बघत राहायचो.

सगळ्यांत देखणा डिफेक्ट क्रिटिकल होता. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ पाखराचा झोका. बाटलीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेचा केसाएवढा धागा लोंबत राहतो. तो तुटला तर औषधात काच जाते. ताईनं तो फक्त शिकाऊ दिवसांत, दाखवला म्हणून पाहिला होता. आपल्यासमोर तो कधी येईल याची ती वाट पाहत होती.

सहाव्या महिन्यात, पावसाळा संपता संपता, दुपारच्या पाळीत तो आला. धागा उजेडात हलला. ती पाहत राहिली आणि बाटली पुढं निघून गेली. मग तिला कळेना, पाहिला की वाटला. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या बाईला सगळ्या आपा म्हणत.

“आपा, एक झोका गेला वाटतं.”

“ख्वाब में देखी होगी. सहावा महिना है तेरा. चुप बैठ.”

तिनं पुढच्या दहा-बारा बाटल्या तपासल्या. बाटल्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या होत्या. ती उठून सुपरवायझरकडे गेली.

“कुठल्या खोक्यात?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, साहेब.”

“म्हणजे सगळी उघडायची?”

“हो.”

“कायम व्हायचंय ना तुला?”

तिनं पहिलं खोकं पुढं ओढलं. खोकी उघडली गेली. सुटीची वेळ टळली तशा बायका बोलू लागल्या.

“लई भारी, बाई! आमच्या बसा गेल्या अन् हिला झोका आठवला.”

“नाय सापडला तर हिलाच झोक्यावर बसवा.”

बाटली आपांना सापडली. “देखो तो,” एवढंच त्या म्हणाल्या. बाटली हातोहात फिरली. प्रत्येकीनं ती उजेडासमोर धरून पाहिली. धागा शाबूत होता. शेवटी सुपरवायझरनं पाहिली आणि फुटक्या काचेच्या पिंपात टाकली. त्या पिंपातली काच पुन्हा भट्टीत जात असे.

मी ती बाटली पाहिलेली नाही. हे ताईनं सांगितलं, आणि पुढं घरी आल्या तेव्हा आपांनीही सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक एकच होता: आपांच्या मते धागा हलत नव्हता.

ताईची तात्पुरती मुदत वाढवण्यात आली. संक्रांतीनंतर ती कायम झाली.