लीव्ह सरांची रजा

इंग्रजीचे सर एकाच शब्दावर आठवडा काढतात, अशी तक्रार मी रुजू झालो त्याच महिन्यात आली. गडचिरोलीच्या जंगलातली आश्रमशाळा, मी नवा मुख्याध्यापक आणि ते माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. शब्द होता 'लीव्ह'. पोरं त्यांना लीव्ह सरच म्हणत.

मी वर्गाबाहेर उभा राहून ऐकलं. "सुटीवालं लीव्ह अन् सोडून जायचं लीव्ह, दोन्ही एका घरचे नाई," ते सांगत होते. "पहिलं म्हणजे परवानगी. त्याचं लव्हसंग नातं आहे. दुसऱ्याचा जुना अर्थ मागं राहू देणं. जाणाऱ्याले पाहून नाई, मागं राह्यलेल्याले पाहून बनला तो." एका मुलीनं तेंदूच्या पानाचं लीफ विचारलं. "ते तिसरं. त्याचे मायबाप कोण, मले पक्कं माहीत नाई." माहीत नाही असं वर्गात सांगणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या शाळेत रजेची एक रीत होती. प्रत्येक शिक्षकाचा सही केलेला, बिनतारखेचा अर्ज माझ्या खणात पडलेला असे. माणूस खुशाल घरी जाई. तपासणी आलीच तर मी तारीख टाकायची, नाही तर अर्ज पुढच्या खेपेला कामी येई. लीव्ह सरांचा असा अर्ज नव्हता. ते तारीख घालून अर्ज लिहीत, सही होईपर्यंत थांबत आणि मगच पिशवी उचलत. "मागतलं तं उत्तर घेऊनच जाव न, सर," म्हणत. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर टिंगल केली. मी सर्वांत जास्त.

त्यांची बायको मुलीकडे बल्लारपूरला असे. एका सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला: आईला धाप लागली, चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलंय. सर अर्ज घेऊन आले तेव्हा मी दोन दिवसांच्या बैठकीसाठी जीपमध्ये बसत होतो. "ठेवा, बघतो," म्हणालो, अर्ज शिपायाकरवी खणात टाकला आणि निघालो. दुपारच्या बसनं ते जातीलच, असं मी धरून चाललो. सगळे जात होते.

बुधवारी सकाळी परतलो, तर ते सहावीच्या वर्गात शिकवत होते.

"सर, तुम्ही गेले नाई?"

"सही नाई झाली न."

"अहो, बायको दवाखान्यात आहे तुमची. फोन तरी करायचा मले."

"दहादा केला. लागला नाई."

बैठकीत मी फोन बंद ठेवला होता, आणि नंतर चालू करायचं विसरलो होतो. त्या घाईतही एक गोष्ट मला नीट सुचली. मंजुरीवर मी सोमवारची तारीख टाकली. उद्या चौकशी झाली तर मुख्याध्यापकानं अर्ज अडवला असं दिसायला नको. ते न वाचताच धावले. संध्याकाळी पोचले, तेव्हा बाई दुपारीच गेल्या होत्या. निघाले का, निघाले का, असं दोन दिवस विचारत होत्या, हे मला नंतर मुलीकडून कळलं.

तेरवी उरकून ते हजर झाले. मी सांत्वनाची वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी ती बोलू दिली नाहीत. रजेची फाईल मागितली, मंजुरीवरची तारीख बराच वेळ पाहिली.

"म्हणजे सोमवारपासून मी रजेवर होतो," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "हजेरीपटात सोमवार-मंगळवारच्या माझ्या सह्या आहेत, सर. बुधवारचीही. त्याचं काय करता?"

चूक माझी आहे, तारीख मी नंतर टाकली, एवढंच मला म्हणायचं होतं. आजही ते वाक्य माझ्या तोंडात जसंच्या तसं आहे. पण मी हजेरीपट उघडला, त्यांच्यासमोर ठेवला आणि खोडायला माझा लाल पेन दिला.

त्यांनी तिन्ही सह्या नीट पट्टी लावून खोडल्या.