फोटो उलटा धरणाऱ्या बाई

फोटो हातात दिला की बाई आधी तो उलटा धरायच्या. माणसांची डोकी खाली, पाय वर. नवीन आलेल्याला वाटायचं, बाईंची चूक झाली. तो फोटो सरळ करून द्यायला जायचा, तर बाई हात मागे घ्यायच्या.

"राहू द्या. सरळ धरला की हा कोण अन् ती कोण, हेच बघत बसतो आपण. उलट्यात उजेड कुठं पडलाय तेवढंच दिसतं."

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा होता. कार्यालयं भाड्याच्या घरांत भरत होती आणि नांदेडहून, बीडहून बदलून आलेले माझ्यासारखे कारकून खोल्या शोधत फिरत होते. बायकापोरं गावाकडे. रविवार अंगावर यायचा. तुम्ही कधी बदलीच्या गावी एकटे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा रविवारी माणूस काहीही शिकतो. आम्ही चार-पाच जणांनी कॅमेरे घेतले. बाई एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. रविवारी दुपारी त्या चित्रकलेचा वर्ग आमच्यासाठी उघडायच्या आणि आम्ही आमचे काळेपांढरे फोटो त्यांच्या टेबलावर मांडायचो.

बाई यायच्या त्या दमलेल्याच. घरी अंथरुणाला खिळलेली आई, वर्षभर पाऊस नाही, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. आल्या की एका स्टुलावर बसायच्या, दुसऱ्यावर पाय ठेवायच्या.

"बसू द्या जरा. मग नावं ठेवते."

पण नावं त्यांनी कधी ठेवली नाहीत. कडुनिंबाखाली झोपलेल्या आमच्या शिपायाचा फोटो मी मोठ्या हौसेनं नेला होता. बाईंनी तो उलटा पाहिला, सुलटा पाहिला. म्हणाल्या, "माणूस झोपलाय का झाडावरून पडलाय?" सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "चपला कुठं होत्या त्याच्या?"

"बाजूला काढून ठेवल्या होत्या."

"मग त्या घ्यायच्या ना. चपला काढून ठेवलेला माणूस झोपलेलाच असतो. एक पाऊल मागं सरकला असतात तर झालं असतं. बाकी छान हाय."

त्या "बाकी छान हाय"वर आम्ही आठवडा काढायचो.

त्या उन्हाळ्यात जो तो दुष्काळाचे फोटो आणू लागला. तडे गेलेली जमीन, बरगड्या निघालेली जनावरं, कोरडी विहीर. बाई बघायच्या, खाली ठेवायच्या. एकदा डोळे चोळत म्हणाल्या, "भेगा लई झाल्या हो. घरून निघाले तरी भेगा, इथं आले तरी भेगाच."

अशातच नव्या जिल्ह्याचं पहिलं छायाचित्र प्रदर्शन जाहीर झालं. आमच्यातला दिगंबर सहकारी बँकेत होता. वसुलीच्या निमित्तानं खेडोपाडी फिरायचा. त्यानं एक फोटो आणला आणि सगळे टेबलावर वाकले. औशाकडच्या एका गावातली म्हातारी दारात उकिडवी बसलेली, हातात उपडी घागर, घागरीच्या काठाशी शेवटचा थेंब. म्हातारीचे डोळे मिटत आलेले. पहिलं बक्षीस याचंच, हे आम्हाला तिथंच कळलं.

बाईंनी फोटो उलटा धरला. बराच वेळ धरला.

"दिगंबरराव, हे काळं काय हाय जमिनीवर?"

"सावली हाय, बाई."

"सावली तर भिंतीकडं गेलीय. हे दुसऱ्या अंगाला हाय."

दिगंबर टेबलावरचे बाकीचे फोटो सारखे करू लागला. बाईंनी घाई केली नाही. शेवटी तोच म्हणाला, "घागर निम्मी होती. रिकामी दाखवली तर बरं वाटेल म्हणून तिला म्हणलो, वता जरा. थोडंच होतं, बाई."

कोणीतरी म्हणालं, "फोटोत काय कळतंय? पाठवून द्या की." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. फोटो सुलटा करून दिगंबरच्या पुढे ठेवला.

"चेहरा चांगला आलाय. हात चांगले आलेत. इतका चांगला फोटो तुम्ही आजवर काढला नव्हता," त्या म्हणाल्या. "फक्त तिचं पानी तेवढं द्यायचं राहिलं."

पुढच्या रविवारी बाई, दिगंबर आणि मी एस.टी.नं म्हातारीच्या गावी निघालो. बाईंनी घरच्या दोन कळशा भरून, तोंडाला फडकी बांधून आणल्या होत्या. एक दिगंबरच्या मांडीवर, एक माझ्या. कंडक्टर म्हणाला, "लोकं गावाकडून पानी शहरात आणायलेत, अन् तुमचं उलटंच!" बाई हसल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

म्हातारीनं दिगंबरला लांबूनच ओळखलं. "तुमच्यापायी सून लई बोलली मला," ती म्हणाली. दिगंबर मान खाली घालून उभा. बाईंनी कळशी पुढे केली. म्हातारीनं त्यांना खालीवर न्याहाळलं.

"कोणाच्यातल्या म्हणायच्या तुम्ही?"

"आम्ही बौद्ध," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं शेजारच्या दाराकडे एकदा पाहिलं. तिथं कोणी होतं की नव्हतं, मला दिसलं नाही. बाईंचे हात कळशीवर तसेच. मग म्हातारी उठली, रांजणावरचं झाकण तिनं स्वतः काढलं.

"वता लवकर. ऊन लागायलंय पान्याला."

पाणी ओतून झालं तेव्हा तिनं विचारलं, "अन् माजा फोटू?" दिगंबरनं तो भीतभीतच दिला. म्हातारीनं डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि तिचं तोंड कडू झालं. "मेलेल्या मानसाचा काढतेत तसला काढलाव की! थांबा जरा." ती आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि रांजणाला हात लावून ताठ उभी राहिली. "आता काढा."

तो दुसरा फोटो दिगंबरनं त्याच्या पुढच्या रविवारी टेबलावर ठेवला. म्हातारी खांबासारखी उभी, उन्हानं अर्धी भिंत पांढरीफटक, पायाची बोटं फोटोच्या कडेला कापली गेलेली. शिकाऊ माणसाचा फोटो. आम्ही बाईंच्या तोंडाकडे बघत होतो.

"यावर मी काय बोलू?" बाई म्हणाल्या. "हा तिनं सांगितला तसा काढलाव. देऊन या तिला."

पहिला फोटो दिगंबरनं प्रदर्शनाला पाठवला नाही. बक्षीस भेगाळलेल्या जमिनीला मिळालं. दिगंबर पुढे पुष्कळ दिवस घुश्शात होता, पण रविवार त्यानं चुकवला नाही.

मग बाईंची आई गेली. रविवार हळूहळू बंद पडले. बाई म्हणाल्या, "आता एकमेकांचे बघत जा. मला लई दमायला होतं." निवृत्तीनंतर त्या मुदखेडला भावाकडे राहायला गेल्या. त्यांचे वडील पूर्वी तिथंच रेल्वेत गँगमन होते. माझी बदली परत नांदेडला झाली, तेव्हा मी एकदा त्यांना भेटायला गेलो.

बाई बाजेवर पडल्या होत्या. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा, पुन्हा उघडायचा. शेजारीण मुलीचा पासपोर्ट फोटो घेऊन आली. सोयरिकीला पाठवायचा होता. बाई कोपरावर उठून बसल्या. तेवढासा फोटो त्यांनी खिडकीशी नेऊन नीट पाहिला. "पोरगी घाबरली हाय," त्या म्हणाल्या. "हसवा अन् दुसरा काढा. डोळे फार चांगले आहेत तिचे." शेजारीण खुशीत गेली आणि बाई पुन्हा आडव्या झाल्या.

"बाहेर ऊन कसं हाय?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"उतरलंय, बाई. पिवळं झालंय."

"मग इथं काय बसलाव? जा. दहा मिनिटं टिकतं ते."

मी बाहेर आलो. स्टेशनजवळ रूळ उजळले होते आणि फाटकाशी थांबलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर ते ऊन आलं होतं. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. ते ऊन जाईपर्यंत मी उभा राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्याचं दिगंबरनंच मला फोनवर सांगितलं. फोन ठेवला आणि मी बाहेर ऊन कसं आहे ते बघायला गेलो.