भरलेली बंदूक

शिमग्याच्या आठ दिवस आधी ठाण्यात आलेले ते पोस्टकार्ड मी अजून विसरलेले नाही. खाली सही नव्हती. वर गावाचे आणि घराचे नाव, आणि मग एवढेच: 'बंदूक घरात आसा. भरलेली आसा. बेगीन येवा.' बेगीन, म्हणजे लवकर.

मालवणच्या बाजूचे ते गाव. नावे लिहीत नाही. मी चौथी शिकलेली शिपाई. बाईचा जबाब किंवा झडती असली की मला नेत. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

रजिस्टर पाहिले. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. परवानेवाला भात कापणीच्या आधीच वारला होता. अशा वेळी घरच्यांनी बंदूक लगेच ठाण्यात जमा करायची असते. ती केली नव्हती.

हवालदार आणि मी गेलो. पडवीत मयताचा धाकटा भाऊ बसला होता.

"बंदूक? ती भावाबरोबरच गेली म्हणा ना, सायबानु."

"का रे, ती काय तपकिरीची डबी, खिशात घालून न्यायला?" हवालदार म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या विधवा भावजयीला विचारले. तिने मान वर केली नाही. "माका ठावक नाय."

हवालदारांनी झडतीसाठी पंच बोलवायला माणूस धाडला. मी पाणी मागायच्या निमित्ताने आत गेले. ती नारळ खवायला बसली. मी तिच्या बाजूला टेकले. मनात पोस्टकार्डातला 'भरलेली' हा एकच शब्द घोळत होता. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे नळीच्या तोंडातून ठासतात. बाहेरून बघून ती भरलेली की रिकामी ते कळत नाही. भरताना ज्याने पाहिले, त्यालाच ते ठाऊक.

मी हळूच तिच्या नवऱ्याबद्दल विचारले, "वयनी, घोवान भरली तेव्हा तू बाजूक होतंस ना गो?"

तिचा हात थांबला.

"डुकरा भातात येयत होती, म्हणान भरल्यानी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिसा छातयेत कळ इली नि गेले. आता भावोजी ती शिमग्याक पारधीक नेतले. मौज म्हणान. भरलेली आसा म्हणान सांगलंय, तर हसले. आणि वरसून दुसरो बार भरल्यानी तर?"

एकावर एक दोन बार ठासले तर नळी फुटते. उडवणाऱ्याचे तोंडच जाते.

"मग आमका भायर का सांगूक नाय?"

"तेंच्यासमोर कसा बोलू, बाय? म्हणान तर कार्ड लिवलंय."

मी तिला सांगितले, आम्ही झडतीत शोधून काढली तर गुन्हा होईल. तू स्वतः आणून दिलीस तर सांभाळता येईल. पण आणायची तूच. पंच यायच्या आत.

ती उठली. भाताच्या कणगीमागून धोतरात गुंडाळलेली बंदूक काढली आणि नळी जमिनीकडे धरून पडवीत आली.

"वयनी!" दीर ओरडत उठला.

तिने बंदूक हवालदारांपुढे ठेवली. मग त्याच्याकडे वळून बोलली.

"भावोजीनु, ह्या घरातलो एक माणूस गेलो. दुसरो माका घालवचो नाय."

तो तसाच पायरीवर बसला.

ठाण्यात तिच्या जबाबात 'स्वतः होऊन हजर केली' असे लिहिले. कार्ड कुणाचे, असे फौजदारांनी विचारले. तिच्या घरी कळू नये म्हणून मी म्हटले, कळत नाही. नोकरीत साहेबांशी तेवढे एकच खोटे बोलले. दुखवट्यामुळे उशीर झाला म्हणून त्यांनी समज देऊन प्रकरण मिटवले. हवालदारांनी ठासायच्या गजाच्या टोकाला पेचाची फिरकी लावून बार नळीबाहेर उपसला. कागदावर छरे पडले, मागून दारू. कोरडी, काल भरल्यासारखी. दीर सही करायला आला होता. कागदाकडे बघत त्याने विचारले, "वयनीक काय होवचा नाय ना?"

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही, हा नियम मला पाठ होता. तसा तो का केला, ते मात्र तेव्हा उमगले. बंदूक मागे राहते. ती कशी ठेवली आहे, भरली आहे का, हे ज्याला ठाऊक तो निघून जातो. त्या घरात निदान एका बाईने ते पाहिले होते.