रेबेकामावशीचा नेम

माझी थोरली मावशी रेबेका आयुष्यात दोनदा खोटं बोलली. पहिल्यांदा तोंड न उघडता, दुसऱ्यांदा चांगल्या खणखणीत आवाजात. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे ही दोन खोटी घरात अजून मोजली जातात. बाकीच्यांनी किती बोलली, ते कुणी मोजत नाही.

मावशी नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. १९४३ साली तिथल्या मडमबाईंच्या मनात आलं, की पाथर्डीकडच्या खेड्यांतल्या लेकुरवाळ्या बायांना चांगलं खायला आणि व्यायाम करायला शिकवावं. त्यांनी तक्ता करून दिला. सकाळी दूध, दुपारी अंडं, संध्याकाळी संत्रं आणि रोज कवायतीचे दहा प्रकार. त्या गावानं संत्रं पाहिलं नव्हतं. कवायत म्हणाल, तर तिथल्या बाया पहाटे दळण उरकत, मैलभरावरून पाण्याचे हंडे आणत आणि दिवसभर खुरपत. अशांना व्यायाम शिकवायला निवडली कोण, तर रेबेकामावशी, जिला दवाखान्याच्या चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागे.

पहिल्या दिवशी चावडीपुढच्या लिंबाखाली बारा बाया जमल्या. मावशी धापा टाकत म्हणाली, "हात वर!" बायांनी हात वर केले, डोक्यावरचे पदर घसरले आणि सगळ्या हसत सुटल्या. हसली नाही ती केशर, पुंजारामची बायको. वीस-एकवीस वर्षांची. तिसऱ्या प्रकाराला तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. शेजारी फडक्यावर तिचा आठ महिन्यांचा कानिफनाथ होता, अंगानं नुसता काडी. आधीची दोन पोरं वर्षाच्या आत गेलेली, आणि आता हिचं दूध आटत चाललेलं.

"काल काय जेवलीस?" मावशीनं विचारलं.

"उरलं हुतं ते."

"काय उरलं होतं?"

केशरनं थोडा विचार केला. "काल न्हाई उरलं काई."

मावशीचा संताप झाला. तिनं तक्ता गुंडाळून पिशवीत घातला. दुसऱ्या दिवसापासून कवायतीचा एकच प्रकार ठेवला. लिंबाखाली अर्धा तास पाठ टेकून पडायचं. दिवसाढवळ्या आडव्या झालेल्या सुना पाहून सासवा खवळल्या, पण साहेबाच्या बायकोची कवायत आहे म्हटल्यावर गप्प बसल्या. नगरला मावशीनं कळवलं, की बाया कवायतीला रोज न चुकता येतात.

खाण्याचं मात्र जमेना. मावशी केशरला शेंगदाण्याचा लाडू देई, ती तो पदराच्या गाठीत बांधून घरी नेई आणि नवऱ्यापुढं ठेवी. अशानं कानिफनाथ उन्हाळा काढणार नाही, हे मावशीला दिसत होतं. शेवटी ती केशरच्या घरीच गेली. सासू रंगुबाई चुलीपाशी होती.

"रंगुबाई, हिला आधी जेवायला घाला. पोटभर."

"बाप्यांच्या आदी?" रंगुबाईनं हातातली फुंकणी खाली ठेवली. "म्या नऊ पोरं काडली उरल्यासुरल्यावर. मेले का?"

"नवांतली राहिली किती?"

"येक. ह्यो पुंजाराम." एवढं बोलून रंगुबाई पुन्हा चूल फुंकू लागली.

मावशीला भूकही लागली होती आणि रागही आला होता. तिनं आपली शिदोरी सोडली, भाकरी मोडून अर्धी केशरच्या हातावर ठेवली आणि जन्मभराच्या सवयीनं जेवणाआधीच्या प्रार्थनेला डोळे मिटले. केशरनंही बघून मिटले. राग आवरायचा होता म्हणून प्रार्थना जरा लांबली. रंगुबाई बघतच राहिली. मिटलेले डोळे, जोडलेले हात, पुटपुटणारे ओठ, आणि मग कुणाच्याही आधी पहिला घास.

"आसं हाय व्हय!" ती म्हणाली. "ह्यो नेम हाय! लेकुरवाळीनं डोळं मिटून आदी खायाचं. मंग आदी सांगायचं की, बाई!"

मावशीनं समजावून सांगायला तोंड उघडलं. मग कानिफनाथकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. हे झालं पहिलं खोटं.

त्या दिवसापासून रंगुबाईइतकी कडक पहारेकरीण अख्ख्या तालुक्यात नव्हती. पुंजारामनं भुकेल्या पोटी टोपल्यातल्या भाकरीला हात लावला, की ती फटका मारी. "सुनंचा नेम व्हायचा हाय." केशरचं दूध वाढलं. नाताळच्या सुमाराला कानिफनाथ भिंतीला धरून उभा राहिला. आणि नाताळच्याच सुमाराला ही बातमी नगरला आमच्या चर्चचे पाळक योहानराव यांच्या कानावर गेली.

"बाई, तुम्ही तिथं कशाला गेला होतात, नेम लावायला?"

"पोर उभं राहिलं, पाळकसाहेब."

"राहू दे. पण जाऊन खरं काय ते सांगा."

मावशी गेली नाही. तिची नेवाशाला बदली झाली. माझी मावशी देवाला फार भिणारी होती. ते न बोललेलं खोटं तिला पाच वर्षं टोचत राहिलं. शेवटी १९४८ साली ती खरं सांगायला पाथर्डीकडे निघाली. पोहोचली तो मंगळवार होता.

लिंबाखाली गावातल्या झाडून सगळ्या लेकुरवाळ्या जमलेल्या. ओठ सुकलेले. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. अनवाणी जाऊन प्रत्येकीनं हंडा आणला होता आणि तो लिंबाला घालून दहा वेळा हात वर केले होते. मग शेंगदाण्याचे लाडू निघाले. आधी बाप्यांना, मग पोरांना, आणि ताटात राहिलेला चुरा आयांच्या हातावर.

"तुमचाच नेम, बाई!" रंगुबाई कौतुकानं म्हणाली. तिच्या तोंडात आता एकही दात नव्हता. "नेम म्हंजी मंगळवारचा उपास आलाच की. त्यो तुमी सांगायचा इसरला हुता, आमी घातला."

पाच वर्षांचा कानिफनाथ दोन्ही हातांत लाडू घेऊन उभा होता, चांगला गुटगुटीत. शेजारी केशर तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन बसलेली, मनगटं पुन्हा नुसत्या काड्या.

मावशीचा तोल गेला. "अहो, कसला नेम? नेमबिम काही नाही! नुसतं जेवण होतं ते!"

खरं बोलून झालं, पाळकसाहेबांची आज्ञा पाळून झाली.

"नेम न्हाई?" रंगुबाई सावकाश म्हणाली. "मंग बाईमानसानं खायाचंच कशाला आदी?" तिनं केशरच्या तळहातावरचा चुरा उचलला आणि कानिफनाथच्या तोंडात घातला. केशरनं रिकामा हात लुगड्याला पुसला.

मावशीनं तो हात पाहिला. आणि मग चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "थांबा! नेम आहे! पण तुमचा चुकलाय! उपास केला की हा नेम मोडतो. रोज, दोन्ही वेळा, घरात सगळ्यांच्या आधी, पोट भरेपर्यंत. मोडला तर पोरावर येतं!"

बायांनी घाईघाईनं कानाच्या पाळ्यांना हात लावले. कुणी भाकरी आणली, कुणी मेथीची भाजी, कुणी ताकाचा तांब्या. केशर बसली, डोळे मिटले आणि सगळ्या गावादेखत जेवू लागली. दुसरी भाकरी संपली तेव्हा तिसरी रंगुबाईनंच वाढली. मग ती मावशीजवळ येऊन टेकली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माजी पोरं ल्हान हुती, तवा का न्हाई सांगितला कुनी ह्यो नेम?"

ही गोष्ट सांगताना मावशी इथं नेहमी थांबायची आणि चष्मा पुसायची. त्या दिवशी तिनं एक भाकरी घेतली, ताकात मऊ कुस्करली आणि रंगुबाईपुढं ठेवली.

रंगुबाईनं आधी डोळे मिटले, आणि मग खाल्लं.