आठ आधी की नऊ

जालना रोडवरच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात पूलचा हॉल आहे. तिथं मी बरीच वर्षं जातो, आणि एवढ्या वर्षांत खेळलो फक्त एकदा. त्या एका वेळी मी स्टिक अशी काही हाणली की बॉल जागचा हलला नाही, पण टेबलावरच्या निळ्या कापडाला वीतभर चीर गेली. मालक भला माणूस. शिवी दिली नाही. कोपऱ्यातली एक खुर्ची फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "सर, तुम्ही बसून बघत जा. तुम्हाला बघण्यात जास्त गती आहे." हे वाक्य पुढं मी चार ठिकाणी कौतुक म्हणून सांगितलं.

तेव्हापासून मी बघतो. घरी सांगतो वाचनालयात जातोय. तळघरात एसी असतो, चहा मिळतो आणि रविवारी दुपारी, नशीब असलं तर, पैशाची मॅच असते. ती कुठं लिहिलेली नसते, पण सगळ्यांना माहीत असते. शटर अर्धं खाली ओढलेलं, चहावाला वाकून आत येणार. खेळणारे दोघंही या खेळावरच जगणारे असतात. स्पर्धा खेळतात, सकाळी पोरांना शिकवतात आणि अधूनमधून असे समोरासमोर उभे राहतात. दोघांचा पैसा मालकाच्या गल्ल्यात, जिंकेल तो सगळा उचलणार.

अशा मॅचला रेफरी नसतो. आणला तर तो कुणाचा माणूस, यावरच आधी भांडण होईल. म्हणून एक रिवाज आहे. स्टिकनं मारायचा तो पांढरा बॉल आधी कुठल्या बॉलला लागेल हे सांगणं अवघड दिसलं, की फटका मारण्याआधीच खेळ थांबवायचा आणि बघणाऱ्यांतला एक जण टेबलाजवळ बोलवायचा. त्याला पंच म्हणतात. तो म्हणेल ते दोघांनी मानायचं. त्याला नीट दिसलं नाही, तर मारणाऱ्याचं खरं धरायचं. एवढाच कायदा. हा शेवटचा भाग ध्यानात ठेवा. मला तो पाठ होता, आणि त्या दिवशी नेमका तोच मी विसरलो. विसरलो म्हणजे, आठवू दिला नाही.

तर त्या रविवारी एका बाजूला होता हैदराबादहून आलेला एक शिडशिडीत, अत्तर लावलेला, अतिशय अदबीचा खेळाडू. दुसऱ्या बाजूला आमचा शेंद्र्याचा. याच्या गावाला लागूनच कारखाने. एका कंपनीतली बरी नोकरी सोडून हा पूल खेळायला लागला, म्हणून त्याचा सासरा लोकांना सांगायचा, जावई गोट्या खेळतो.

पण हॉलमध्ये त्याला मान होता, आणि तो एका गोष्टीमुळं होता. स्वतःचा फाऊल तो स्वतः सांगायचा. शर्टाची बाही बॉलला नुसती शिवली, कुणाच्या बापाला दिसली नाही, तरी हा सरळ उभा राहणार, "माझा फाऊल झाला, घ्या," म्हणणार आणि पांढरा बॉल उचलून समोरच्याच्या हातात देणार.

मी एकदा विचारलं होतं, "अरे, कुणी बघितलं तरी होतं का?"

"हाताला कळतंय की काका. डोळा फसतोय, हात नाय फसत. स्टिकीतनं पार इथवर येतंय," असं म्हणून त्यानं कोपराला बोट लावलं होतं.

लोक पैसे लावायचे ते त्याच्या या हातावर. तो 'लागला' म्हणाला तर लागला, 'नाय' म्हणाला तर नाय. वाद संपला. कंपनी सोडून त्यानं काय कमावलं असेल तर हा शब्द. त्याच्यामागं पैसे लावणारेही त्या शब्दाच्या भरवशावर लावायचे.

मॅच बरोबरीत आली. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. यात नियम सोपा असतो. टेबलावर जो सगळ्यात लहान आकड्याचा बॉल उरलाय, पांढरा आधी त्याला लागला पाहिजे. आणि नऊ नंबरचा बॉल जो टेबलाच्या खिशात घालेल तो जिंकला. टेबलावर आता दोनच उरले होते, आठ आणि नऊ, आणि तेही एकमेकांना खेटून, जसे बसमध्ये दोघांच्या सीटवर दोन लठ्ठ माणसं. पाळी आमच्या शेंद्र्याच्या माणसाची. त्यानं पांढरा आठाला मारायचा, आठ नवाला ढकलणार, नऊ कोपऱ्यातल्या खिशात. संपली मॅच. पण पांढरा केसभर जरी आधी नवाला लागला तर फाऊल. मग पांढरा हैदराबादवाल्याच्या हातात, हवा तिथं ठेवून खेळायची मुभा. त्याला दोन्ही बॉल घालायला अर्धा मिनिट पुरला असता.

हैदराबादच्यानं हात वर केला. "भाई, रुको जरा. एक पंच बुलालो. ऐसा आदमी होना, जिसका इसमें एक रुपया नै."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकूण एक माणसानं पैसे लावले होते. चहावाल्यानंसुद्धा. मग सगळ्यांच्या माना माझ्या खुर्चीकडं वळल्या. मी आयुष्यात कधी पैज लावलेली नाही, कारण माझ्या खिशातून पैसा निघताना मला दुखतं. माझ्या त्या कंजूषपणाला हॉलनं त्या क्षणी निष्पक्षपणा असं नाव दिलं.

"काका, तुम्हीच या," शेंद्र्याचा म्हणाला. "लई जवळ हायेत दोन्ही. नीट वाकून बघा."

मी उठलो. पंच होणं मला नवं नव्हतं. मी सरकारी नोकर. पंचनाम्याला दोन सरकारी माणसं लागली की आमच्या ऑफिसातून न्यायचे, आणि मला न्यायला सोपं पडायचं. जागेवर जाऊन बघायचं असतं हे मला माहीत आहे. पण टपरीवर चहा पिता पिता 'समक्ष पाहिले' याच्याखाली माझी सही किती वेळा झाली, ते मी इथं सांगत नाही.

टेबलाशी गेलो, वाकलो, चष्मा सारखा केला. आठ, नऊ, दोन्हींच्या मधली केसभर फट, सगळं स्वच्छ दिसत होतं. शेंद्र्याच्यानं स्टिक मागंपुढं हलवली. हॉलमध्ये एसीची घरघर सोडली तर आवाज नाही. आणि नेमकं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पलीकडून एक जण मोबाइलवर शूटिंग करतोय. म्हणजे मी व्हिडिओत येणार. आणि वाकल्यामुळं माझं पोट बेल्टावरून बाहेर आलेलं. मी पोट आत ओढलं, कपाळावरची उरलीसुरली बट मागं सारली, चेहरा जरा गंभीर केला आणि मान तशीच खाली ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून मोबाइलकडं बघितलं.

टक् असा आवाज आला. नऊ खिशात पडला.

हॉलमध्ये ओरडा झाला आणि तसाच थांबला. शेंद्र्याचा सरळ उभा राहिला होता. शांतपणे म्हणाला, "आठाला आधी लागला."

हैदराबादचा माझ्याकडं वळला. "चचा, तुम जो बोलिंगे सो सही."

'मला दिसलं नाही.' एवढंच म्हणायचं होतं. रिवाजानं आमचा माणूस जिंकला असता आणि मला चार दिवस लोक हसले असते. पण अख्खा हॉल माझ्याकडं बघत होता, मोबाइल चालू होता, आणि पोट मी अजून आतच धरलेलं होतं. अशा वेळी 'दिसलं नाही' म्हणवत नाही हो. मग लागला किंवा नाही, यातलं एक निवडायचं राहिलं. लागला म्हणावं, तर म्हणतील आपल्या गावाकडच्या माणसाच्या बाजूनं बोलला. उलट बोललो तर काय दिसेल? आपल्याच माणसाविरुद्ध खरं बोलणारा पंच! केवढा भारी दिसेल!

"नाही," मी म्हणालो. आवाजही जरा खर्जातला काढला. "नवाला आधी लागला. फाऊल."

कुणीतरी व्हिडिओ बघू म्हणालं. सगळे त्या मोबाइलवर तुटून पडले. त्यात फटक्याच्या वेळी माझं डोकं मधे आलेलं. माझ्या टकलावर ट्यूबलाइट चमकतेय आणि मागून टक् असा आवाज येतोय, एवढाच पुरावा.

हैदराबादच्यानं खिशात गेलेला नऊ काढून परत टेबलावर मांडला, पांढरा उचलला, ठेवला, आठ घातला, नऊ घातला. गल्ल्यातला पैसा घेतला. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "आप जैसे लोगां कम रै गए चचा." मालकानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. खोटं कशाला बोलू, तो चहा मला गोड लागला.

तो संपायच्या आत शेंद्र्याचा माझ्या खुर्चीपाशी आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"काका, नवालाच लागला व्हय आधी?"

"हो रे. स्पष्ट दिसलं."

"मला आठाला लागल्यासारखं आलं हातात." तो आपला उजवा पंजा उलटासुलटा करून बघत राहिला.

मागून त्याच्यावर पैसे लावलेला एक जण बोलला, "रोज लई हरिश्चंद्र बनतो. गल्ला भरल्यावर बरं आठाला लागतंय!" हे शेंद्र्याच्यानं ऐकलं. मीही ऐकलं, आणि चहाच्या कपात बघितलं.

पुढचे काही रविवार तो आला, पण मोठी मॅच धरली नाही. खेळता खेळता मधेच थांबायचा आणि साध्या फटक्यालाही कुणाला तरी विचारायचा, "बघितलं का? लागला ना?" लोक आधी हसले, मग कंटाळले. सासऱ्यानं त्याच्यासाठी कंपनीत पुन्हा शब्द टाकलाय असं कानावर आलं. आणि माझा भाव मात्र वाढत गेला. वाद झाला की "काकांना विचारा". माझ्या खुर्चीवर कुणी बसेना. सत्यवादी माणसाची खुर्ची ती! मला तिच्यावर बसलं की खाली कुणीतरी काटे पसरल्यासारखं व्हायचं, तरी मी बसायचो. उठून जावं, तर चौकशी होणार.

शेवटी एका रविवारी मी त्याला बाहेर टपरीवर नेलं. चहा माझ्या पैशांनी सांगितला, त्यावरूनच त्याला काहीतरी वेगळं आहे हे कळायला हवं होतं. घसा खाकरून मी सगळं सांगून टाकलं. मोबाइल, पोट, बट, सगळं. "माझं लक्षच नव्हतं रे. मी बघितलंच नाही. तुझा हात बरोबर असणार."

तो मग हसला. फार प्रेमानं हसला.

"काका, ऱ्हाऊ द्या. मला बरं वाटावं म्हणून कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय?"

"अरे, शपथ घेऊ का?"

"तुमाला खोटं बोलताच येत नाय. सगळ्या हॉलला म्हाईत हाये." त्यानं ग्लास खाली ठेवला आणि, माझं दुर्दैव बघा, दोघांचेही पैसे त्यानंच दिले.

आम्ही पुन्हा खाली गेलो. तो एकाबरोबर चहावर एक साधी फ्रेम खेळायला लागला. म्हणजे हरेल त्यानं चहा पाजायचा. खेळता खेळता दोन बॉल परत तसेच जवळ आले. त्यानं स्टिक थांबवली.

"काका, बघा ना जरा."

मी गेलो. या वेळी मोबाइल नव्हता, असता तरी बघितलं नसतं. पोट सुटायचं तेवढं सुटलेलं. टेबलावर नाक टेकेल इतका वाकलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी लवू दिली नाही. त्यानं मारला. पांढरा ज्याला लागायला हवा होता त्यालाच आधी लागला. मी बघितलं. आयुष्यात एवढं स्पष्ट मी काही बघितलेलं नाही.

"लागला!" मी ओरडलोच. "बरोबर लागला! मी बघितलं!"

तो माझ्याकडं बघून पुन्हा तसाच हसला.

"नका काका, कीव करू नका," तो हळूच म्हणाला. वाकून त्यानं पांढरा बॉल उचलला आणि समोरच्याच्या हातात दिला.