चोरासाठी पायऱ्या

माझ्या धाकट्या मामाइतका संशयी माणूस नाशिक रोड ते पंचवटी या सगळ्या टापूत दुसरा नसेल, आणि असलाच तर मामानं आधी त्याच्यावर संशय घेतला असता. त्याची अख्खी नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली. तिथं आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, कागदाचा कपटा इकडचा तिकडे व्हायचा नाही. ती शिस्त त्याच्या अंगात अशी भिनली की निवृत्त झाल्यावर त्यानं घराचाच छापखाना करून टाकला. भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली की "का दिली?" म्हणून मामीची उलटतपासणी. पाहुणा निघाला की त्यानं पायात घातलेली चप्पल त्याचीच आहे ना, हे दारात उभं राहून बघायचं. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडेच राहायचे. बाहेरून आले की हा विचारणार, "जाताना छत्री होती ना गं?" आणि छत्री माझ्या हातात असायची! शिवाय मामा भांडायचाही मनापासून. रिक्षावाल्याशी भांडून घरी आला की त्याचा चेहरा कसा आंघोळ केल्यासारखा टवटवीत दिसायचा.

अशा माणसाच्या घरात रोज चोरी व्हावी, हा देवाचा विनोदच म्हणायचा. चोर म्हणजे मामीनं गच्चीवरून उचलून आणलेला बोका. पांढराशुभ्र, पाठीवर शाई सांडल्यासारखा काळा डाग. मामीनं त्याचं नाव बाळू ठेवलं, मामा त्याला नालायक म्हणायचा, आणि बोका ओ द्यायचा तो फक्त नालायक या नावाला. सकाळी तापवलेलं दूध ओट्यावर निवत ठेवलं की हा एका उडीत वर. मामाला पोळीशी साय-साखर लागायची आणि नेमकी ती सायच गायब! "जिथं कागदाचा कपटा हलत नाही तिथं मी जन्म काढला, आणि माझ्याच ओट्यावरून माल जातो?" मामी म्हणायची, "अहो, मग फ्रिजमध्ये ठेवू या की." त्यावर मामा उसळायचा, "चोराला घाबरून आपण माल हलवायचा? वा गं वा!" मग पातेल्याच्या झाकणावर वरवंटा ठेवून झाला. तो बोक्यानं ढकलला आणि नेमका मामाच्या अंगठ्यावर पाडला. त्या वेळी मामा जे काही बोलला, ते ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. वाटीत घालून प्रेमानं पुढ्यात ठेवलं तर हा बोका मासळीलासुद्धा तोंड लावायचा नाही. वास घ्यायचा आणि शेपटी उंच करून निघून जायचा. चोरलेलं तेवढंच त्याला गोड लागायचं. किती मजेचे दिवस होते ते! सकाळी त्या दोघांच्या आरडाओरड्यानं मला जाग यायची, गजर लावायची गरजच पडली नाही कधी.

माझं लग्न झालं, मी गंगापूर रोडला राहायला गेले, तरी ही लढाई चालूच होती. आणि मग गेल्या काही वर्षांत कधीतरी चोऱ्या थांबल्या. पातेलं उघडं राहिलं तरी साय जागच्या जागी. बोका खालीच, दाराशी पाय मुडपून बसलेला. मामाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "लागली की नाही शिस्त? जनावर असलं तरी समोर कोण आहे ते कळतं त्याला!" संध्याकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यानं ही विजयगाथा ऐकवली आणि चक्क पेढे वाटले. मला फोन करून म्हणाला, "नालायक सुधारला!" मामी मात्र कुरकुरत होती, "अहो, तो हल्ली पाठ चाटत नाही. केसांच्या गुठळ्या झाल्यात बघा." मामा म्हणाला, "साधू झालाय तो. साधू कुठं केस विंचरतात?"

शेवटी मामीच्या हट्टानं त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मीही बरोबर गेले. द्राक्षांच्या क्रेटमध्ये गोधडी घालून त्यात बोका, वरून मामीची ओढणी, आणि रिक्षात मामाच्या मांडीवर ही सगळी वरात. दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा मामानं खरं तेच सांगितलं. थोड्या वेळानं आतून पुकारा झाला, "नालायक कोण आहे?" मामा ताडकन उठला, "आम्ही!" सगळा दवाखाना हसला, कुत्री भुंकायला लागली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बोक्याचे मागचे पाय हलकेच ताणून बघितले, तसा तो गुरगुरला. मामानं अभिमानानं त्याच्या सुधारण्याची हकिगत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "काका, हा सुधारलेला नाही. त्याला संधिवात आहे. उडी मारताना दुखतं म्हणून तो ओट्यावर जात नाही. पाठीकडे वळता येत नाही म्हणून चाटत नाही. मांजरं दुखलं तरी ओरडत नाहीत हो, नुसती एकेक गोष्ट सोडून देतात." औषध समजून घेतलं ते मामीनं. परतताना रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले, तर मामानं ते न भांडता देऊन टाकले! घराशी उतरताना एवढंच म्हणाला, "मी पेढे वाटले गं."

घरी आल्या आल्या त्यानं स्वतःच्या गुडघ्यांच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. तीच वाताची गोळी, पाव तुकडा त्याला देऊ, म्हणाला. मामीनं पाकीट हिसकावून घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरीणबाई फोनवर एवढ्या ओरडल्या की मला लांबून ऐकू आलं, "माणसाची गोळी अजिबात नाही! जीव जाईल त्याचा!" मामानं गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या, आणि स्वतः घ्यायलाही विसरू लागला. मग सुरू झाला बोक्याचा संसार. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून घरभर गोणपाट अंथरलं. त्यात अडखळून पाहुणे पडू लागले. त्याच्या अंथरुणात शेकायची पिशवी, त्याच्या शीच्या ट्रेची कड कापून बुटकी केलेली. त्याचं वजन कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मामा बोक्याला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहायचा आणि मग काट्याशीच भांडायचा.

पण औषधाचं काय करायचं? बशीत घातलं की हा वास घेऊन निघून जाणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटभर सायीतून द्या. तेवढी चालेल." पण दिलेलं खाईल तर तो नालायक कसला? मामानं विचार केला आणि जन्मभराची शिस्त गुंडाळून ठेवली. द्राक्षांचे क्रेट उलटे घालून त्यानं ओट्यापर्यंत पायऱ्या रचल्या, वर गोणपाट शिवलं. औषध घातलेली साय वाटीत, वाटीवर नावाला झाकण. आणि हा पहारेकरी दाराआड पेपर धरून बसला, आपलं लक्षच नाही असं दाखवत! बोका आला, पायऱ्यांकडे बघितलं, खालीच बसला. दुसऱ्या दिवशी तेच. औषध पोटात गेल्याशिवाय दुखणं कमी व्हायचं नाही आणि तो चढल्याशिवाय औषध पोटात जायचं नाही. मामाची जेवणावरची वासना उडाली. "चढ रे राजा," असं तो पेपरामागून पुटपुटायचा, मामी सांगते.

मग एका सकाळी मला फोन. "चोरी झाली! आपल्याकडे चोरी झाली गं!" मामीच्या पाटल्याच डोळ्यांसमोर आल्या. "काय गेलं मामा?" "साय!" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्या दिवसापासून रोज चोरी. मामा रोज थोडं ओरडायचाही, "अरे नालायका!" म्हणून. ओरडलं नाही तर बोक्याला संशय येतो, असं त्याचं म्हणणं.

परवा गेले होते. बोका आता फार थकलाय, त्या पायऱ्याही त्याला झेपत नाहीत. वाटी खाली आली आहे, ओट्याच्या पायाशी. आणि गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं पाटावर न बसलेला माझा मामा तिच्याकडे पाठ फिरवून, फरशीवर, भिंतीकडे तोंड करून बसला होता. बसताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी म्हटलं, "मामा, किती दुखतंय तुला! खुर्ची आणू का?"

"हळू बोल," तो कुजबुजला. "मी उंच बसलो की त्याला मान वर करून बघावं लागतं, मी कुठं आहे ते. मान दुखते त्याची."

मग मीही खाली बसले, भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच वेळानं पाठीमागं झाकण सरकलं, चाटल्याचा बारीक आवाज यायला लागला, आणि मामानं माझा हात घट्ट धरला. "अरे नालायका," तो म्हणाला, पण अगदी हळू, त्याचं खाणं थांबू नये म्हणून.