धवलारणीची उपाशी गोळी

देवकीबाय म्हणजे आटगावच्या पंचक्रोशीतली धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचे धवले गायचे ते तिनेच. गेल्या वर्षी तिचा आवाज घोगरा झाला, अंग सुजलं, भात झोडताना गळून जायला होऊ लागलं. शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइड. शरीर आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटलंय. गोळी सुरू झाली, पण आवाज काही येईना. त्यात लेकीचं, पूजाचं, लग्न वैशाखात ठरलेलं. दुसऱ्यांच्या एवढ्या मुली गाऊन सासरी धाडल्या आणि स्वतःच्या लेकीला परगावची बाई आणायची? नुसत्या विचाराने देवकीबायला रडू फुटे.

नवरा महिपत कंबर कसून उपचाराला लागला. मोबाइलवर बघून त्याने कोबी बंद केला, फ्लॉवर बंद केला. एके दिवशी भाताकडेही त्याचा डोळा वळला, तेव्हा मात्र देवकीबायने पळी उगारली. एवढं करूनही तिसरा रिपोर्ट वाईटच आला.

"गोळी उपाशीपोटी घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तर! रोज पहाटे. चहासंगती," देवकीबाय म्हणाली.

"चहासंगती?"

"मंग? चहानं काय उपास मोडतो? एकादशीला आमी दिसभर तोच पितो!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू आवरेना. गोळी नुसत्या पाण्याशी, चहा तासाभराने, असं त्यांनी बजावलं. शिजवलेला कोबी बेताने चालेल. डाळ, अंडी, नाचणीची भाकरी खा, वेळेवर झोपा, चाला.

चहाविना तो तास काढायचा कसा, म्हणून देवकीबाय पहाटे बांधाबांधाने चालू लागली. आधी नुसती गुणगुणायची. दोन महिन्यांनी तिने असा सूर लावला, की पलीकडून शेजारचा लडकू ओरडला, "वयनी, कोनाचं लगीन गो?"

"माझ्या पूजाचं!" तिने तिथूनच ठणकावलं.

वैशाखात दारात मांडव उभा राहिला. लग्नघराने धवलारणीला लुगडं देऊन मगच गायला बसवायचं, असा गावचा रिवाज. आता घरचीच बाई. मान द्यायचा कोणी? बायका कुजबुजत होत्या, तोवर पाटावरची पूजा हळदीच्या अंगाने उठली. स्वतःच्या पगारातून आणलेलं लुगडं तिने आईच्या ओटीत घातलं.

"हे आईला नाय," ती म्हणाली, "धवलारणीला हाय. नीट गा गो."

देवकीबाय आधी पोटभर रडली, मग घोटभर पाणी प्याली आणि लेकीचं नाव घेऊन गायला लागली.